चाळीस जांभळ्या काचा

आधीच सांगून टाकतो, मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, जन्मजात. मी म्हणतो, पोटासाठी. आमच्या काचेच्या कारखान्यात आतली हवा उपसून रिकामी ठेवायची मोठाली भांडी आहेत, आणि ती रिकामी ठेवणारे पंप माझ्या ताब्यात आहेत. भांड्याला कुठेतरी सुईच्या टोकाहून बारीक गळती असते आणि ती मी शोधायची. एकेक जोड, एकेक नट, एकेक रबरी वळं यांच्याकडे ‘तूच ना रे तो?’ अशा नजरेनं बघण्यात माझी तीस वर्षं गेली. असा माणूस घरी येऊन एकदम भोळा होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण ही गोष्ट माझी नाही, ताईची आहे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती त्याच कारखान्यात, माझ्याही आधीपासून. तिथे तिला सगळे रेघवाल्या बाई म्हणतात, कारण ती काचेवर रेघा मारते. हसू नका. एका केसाच्या जाडीत दोनशेहून जास्त रेघा बसतील, इतक्या जवळ जवळ. तुम्ही वहीत दोन रेघा सरळ मारून दाखवा, मग हसा.

त्या रेघा हातानं मारत नाहीत, हे उघड आहे. काचेवर आधी एक पातळ थर चढवायचा, त्यावर उजेडानं बदलणारं रसायन पसरायचं. मग पिवळ्या दिव्याच्या खोलीत लेझरचे दोन झोत दोन बाजूंनी त्या काचेवर पाडायचे. झोत एकमेकांत मिसळतात आणि उजेड-अंधाराचे बारीक पट्टे तयार होतात. ते पट्टे रसायनावर उमटतात. काच धुतली की नको तेवढं रसायन निघून जातं, आणि उरलेल्या पट्ट्यांच्या मधली जागा माझ्या रिकाम्या भांड्यात वायू सोडून कोरून काढतात. झाली काच तयार.

आता या काचेचा गुण काय? दोरीचं एक टोक खिळ्याला बांधा आणि दुसरं झटका. वर-खाली झटकलं तर लाट उभी जाते, डावी-उजवीकडे झटकलं तर आडवी. उजेडाचंही तसंच आहे. साध्या दिव्याच्या उजेडात सगळ्या दिशांची खिचडी असते. पण एकाच दिशेनं हलणारा उजेड वेगळा काढता येतो. उभा उजेड आला तर ताईची काच हिरवी दिसते, आडवा आला तर तीच काच जांभळी. रंग काचेत नाहीच, रंग सगळा रेघांचा. अशा काचा खास कॅमेऱ्यांत बसवतात. कुठल्या, ते मला विचारू नका, मी पंपवाला आहे.

ताई हे काम शिकली ती कुणी शिकवून नव्हे. वडील अचानक गेले, आई दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली, मी शाळेत. ताईनं कॉलेजला रामराम ठोकला आणि कारखान्यात काचा धुवायला लागली. धुता धुता बघत गेली. मला शिकवलं तिनं, कारखान्यात चिकटवलंही तिनंच. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, “मी आपली नाकासमोर चालणारी, मध्ये कुणी आडवं येऊ नये.” आता ती आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या खोलीत राहते. खुर्ची सरकवली तरी आम्हाला खाली कळतं.

काच किती वेळ धुवायची ते भिंतीवर छापून लावलंय, साठ सेकंद. ताई घड्याळाकडे ढुंकून बघत नाही. ओघळणाऱ्या पाण्याखाली काचेचा रंग पालटतो, तो बघते आणि “बास” म्हणते. कधी पन्नासला, कधी सत्तरला. आमचे साहेब नवीन आले तेव्हा त्यांना हे अजिबात पटलं नाही. साहेब म्हणजे नक्षी आखणारे. रेघ किती रुंद, किती खोल, दोन रेघांत अंतर किती, हे सगळं संगणकावर मांडून रंग आधीच काढून दाखवतात. हुशार माणूस, नाही म्हणत नाही. पण तेव्हा नाकानं कांदे सोलायचे. त्यांच्या पहिल्याच आखणीवर ताई म्हणाली, “साहेब, एवढ्या खोल कोरल्या तर रेघा उभ्या राहायच्या नाहीत, एकमेकींच्या अंगावर पडतील.” साहेब म्हणाले, “बाई, हिशोब माझ्याकडे आहे.” तीन खेपा रेघा कोलमडल्या, रंग मळकट आला. चौथ्या वेळी साहेब स्वतः पिवळ्या खोलीत आले आणि विचारलं, “किती खोल?” तेव्हापासून ताईला दाखवल्याशिवाय त्यांची एकही आखणी पक्की होत नाही. ताईला या गोष्टीचा फार अभिमान. बोलायची नाही, पण मला कळायचं.

आता मुद्द्यावर येतो. तयार काचेवर रेघा कुठल्या दिशेला आहेत ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ताई प्रत्येक काचेच्या कडेला हिऱ्याच्या टोकानं एक बारीक ठिपका कोरते. ठिपका वर धरला की रेघा उभ्या, असं ठरलेलं. साहेब महिन्याभराच्या काचा एकदम तपासायचे, त्या आपल्या संगणकाच्या पडद्यासमोर धरून. पडद्यातून येणारा उजेड एकाच दिशेनं हलत येतो, त्यामुळे वेगळं काही लागत नाही. पडद्यावर कोरं पान उघडायचं, काच समोर धरायची, ठिपका वर. हिरवी दिसली की पुढे मोठ्या मोजणी-यंत्राकडे. नाही दिसली की बाद. वर्षानुवर्षं हीच पद्धत, आणि ती साहेबांनीच बसवलेली.

त्या सोमवारी साहेबांनी आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर उभं केलं. चेहरा हा एवढासा झालेला. म्हणाले, “महिन्याभरातल्या चाळीसच्या चाळीस काचा चुकीच्या आहेत. ठिपका वर धरला की जांभळ्या दिसतात.”

कुणीतरी म्हणालं, ठिपका चुकला असेल. साहेब म्हणाले, “बाईंचा ठिपका? चौतीस वर्षांत एक चुकला नाही, आणि आता ओळीनं चाळीस चुकतील?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “नदीपलीकडच्या कारखान्यानं अगदी अशाच काचा काढल्याची बातमी आलीय. आपल्या चांगल्या काचा बाहेर गेल्यात, आणि डब्यात सरावासाठी काढलेल्या बिघडक्या काचा भरून वर ठिपके मारून ठेवलेत.”

बघा कशी गंमत असते! बाई चुकत नाहीत, म्हणून ही चूक नाही. चूक नाही, म्हणजे चोरी. आणि काचा असतात बाईंच्या ताब्यात. साहेबांनी ताईचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ताई म्हणाली, “माझ्या टेबलावर सगळ्या हिरव्या होत्या साहेब. मला एकदा बघू द्या.” साहेब म्हणाले, “आता त्या कुलपात आहेत. चौकशी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.” ताई काहीच बोलली नाही, आणि तेच मला खटकलं. एरवी ती साहेबांना गप्प करणारी बाई!

दुसऱ्या दिवसापासून फाटकावर ताईची पिशवी उघडून बघायला लागले. फक्त ताईची. दारावरचा रखवालदार, ज्याला तिनं वीस वर्षं रोज चहा पाजला, तो म्हणतो, “वरून हुकूम आहे बाई, काय करणार.” माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, “अरे, लाज वाटते का जरा? माझीही पिशवी बघ, माझ्या डब्यात पंप आहे!” ताईनं माझा दंड धरला आणि बाजूला ओढलं. “गप बस. त्याचं काम करू दे त्याला.”

भांडलो मी जगाशी, पण मनात पाल चुकचुकलीच. खोटं कशाला बोलू? ताईचं वागणं बदललं होतं. दोन-तीन महिने ती दर काही दिवसांनी दुपारची अर्धी रजा घ्यायची आणि कुठे जाते सांगायची नाही. त्या आठवड्यात गुरुवारीही गेली. संध्याकाळी जिन्यात भेटली तर डोळ्यांवर काळा चष्मा. म्हटलं, “हे काय नवीन?” म्हणाली, “ऊन फार होतं.” चष्मा काढला तेव्हा डोळ्यातली बाहुली ही एवढी मोठी झालेली, आणि ती माझ्याकडे सरळ बघेना. नजर चुकवणारा माणूस काय लपवतो, ते तीस वर्षं गळत्या शोधणाऱ्याला कळायला नको? असं मला वाटलं. शहाणा ना मी!

रात्रंदिवस डोक्यात भुंगा. नदीपलीकडच्यांनी गाठली असेल का? एकटी बाई, उतारवय, कुणी गोड बोललं असेल. की कुणी धमकावलं असेल? बायकोला बोललो तर ती उसळली. “अहो, तुमच्या सख्ख्या बहिणीबद्दल बोलताय! काय ते सरळ विचारा त्यांना.” सरळ विचारायचं म्हणजे काय करायचं, हे मला येतच नाही. पंपाला कोण विचारतं, बाबा रे, कुठून गळतोयस?

रविवारी सकाळी ताई बाहेर गेली. तिच्या खोलीची जादा किल्ली आमच्याकडे असते, अडीअडचणीला म्हणून. मी वर गेलो. बायको खालून म्हणत होती, “नका जाऊ, बरं दिसत नाही ते.” गेलो. कपाट उघडलं. कपडे नीट घडी घालून ठेवलेले, सगळ्या घड्या एका रुंदीच्या. हात घातला. एखादी काच हाताला लागली तर काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं.

काच नव्हती. कपड्यांच्या तळाशी एक कागद होता, डोळ्यांच्या डॉक्टरचा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याची सतरा. त्याला टाचलेला रजेचा अर्ज, ताईच्या अक्षरात: घरगुती कामासाठी दहा दिवस.

तर ही बाई डोळे तपासायला जात होती! डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या करतात, म्हणून काळा चष्मा. मी मटकन तिच्या पलंगावर बसलो आणि खरं सांगतो, मला हसू आलं. ताई चोर नाही! छातीवरचा दगड उतरला. आणि लगेच दुसरा विचार आला, की मग ठिपकेच चुकलेत. दिसत नाही तिला. बिचारीनं चाळीस ठिपके चुकीच्या कडेला मारलेत, आणि हिरवं-जांभळंही तिला कळलेलं नाही. सगळं कसं जागच्या जागी बसलं! गळती सापडल्यावर होतो तसा आनंद झाला मला.

सोमवारी सकाळी मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, “साहेब, ताई चोर नाही. तिला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. हा बघा कागद.” तिला वाचवायलाच गेलो होतो मी. चोर म्हणवून घेण्यापेक्षा आजारी म्हणवून घेतलेलं काय वाईट? साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला. “मग असं सांगायचं ना बाईंनी,” म्हणाले, आणि तिला बोलावणं पाठवलं.

ताई आली. मला तिथे बघून थबकली. साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बाई, तुमच्यावर संशय घेतला, माफ करा. तुमच्या डोळ्याचं कळलं आम्हाला. तुमच्या भावानंच सांगितलं.”

ताईनं टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. फार वेळ नाही. मग म्हणाली, “काचा बघू द्या.”

साहेबांनी डबा उघडला. ताईनं एक काच कडेला धरून उचलली, नखानं ठिपका चाचपला. “ठिपका नखाला लागतो साहेब, त्याला डोळा लागत नाही. आणि माझा डावा डोळा धडधाकट आहे. तुम्ही कसं बघता ते दाखवा.”

साहेबांनी पडद्यावर कोरं पान उघडलं, काच समोर धरली. जांभळी. स्वच्छ, सुंदर जांभळी.

ताईनं आपल्या कोटाच्या खिशातून पारदर्शक पट्टी काढली. ती पट्टी साध्या उजेडातून फक्त उभा उजेड पुढे जाऊ देते. ताई आपल्या टेबलावर तिच्यातूनच काचा तपासते. खिडकीपाशी जाऊन तिनं पट्टीवर काच ठेवली, ठिपका वर. “काय रंग दिसतो साहेब? माझ्यावर जाऊ नका, तुमचं तुम्हीच बघा.”

“हिरवा,” साहेब म्हणाले.

ताई पडद्याकडे वळली. त्या पडद्याला भिंतीतून आलेला एक लोखंडी हात आहे, तो कसाही फिरवता येतो. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर मी ओळखतो ते ‘बास’ उमटलं. “हा पडदा उभा कधी केलात?”

“महिना झाला. लांबलचक कागद वाचायचे असतात, मान दुखायची, म्हणून...” साहेबांची जीभ तिथेच अडकली.

“आडवा करा,” ताई म्हणाली.

साहेबांनी दोन्ही हातांनी पडदा फिरवला आणि पूर्वीसारखा आडवा केला. ताईनं काच समोर धरली. हिरवी. दुसरी धरली, हिरवी. तिसरी, चौथी. पडदा फिरला की त्यातून येणारा उजेडही फिरतो; उभा हलणारा आडवा हलायला लागतो. काचा महिनाभर बरोबरच होत्या, तपासणारा पडदाच कुशीवर वळला होता. हे साहेबांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनीच तर आम्हाला शिकवलं होतं! इतकं रोजचं झालं होतं की पडदा म्हणजे वाचायची वस्तू आहे, तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. साहेब कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, “बाई, मी गाढव आहे.” ताई म्हणाली, “आता मोजणी-यंत्राकडे पाठवा, उशीर झालाय.” चाळीसच्या चाळीस काचा पास झाल्या. रखवालदारानं पिशवी बघणं बंद केलं, आणि दोन दिवस चहाच घेईना.

मला वाटलं, संपलं. मी घरी जाऊन बायकोला ऐटीत सांगितलंसुद्धा, ताई कशी सगळ्यांना पुरून उरली ते.

पुढच्या आठवड्यात ताईला कार्यालयातून पत्र आलं. लेझरच्या खोलीचा एक जुना नियम आहे: डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या किंवा होणार असलेल्या माणसाला आत सोडायचं नाही, कायमचं. साहेबांनी खूप रदबदली केली. पण कागद त्यांच्या टेबलावर सगळ्यांदेखत आला होता, चौकशीच्या फायलीत लागला होता, तो परत कपड्यांखाली कसा जाणार? ताईची बदली पॅकिंगला झाली. रेघांवर पिवळ्या खोलीतलीच दुसरी बाई आली. ती भिंतीवरचे साठ सेकंद बघून काच धुते.

त्या दिवशी संध्याकाळी मी वर गेलो. दार वाजवून गेलो, ते लक्षात आलं माझ्या. म्हटलं, “ताई, तो नियम मला माहीत नव्हता गं. देवाशपथ.”

“मला होता,” ती म्हणाली. “म्हणून तर गप्प होते. सतराला ऑपरेशन झालं असतं, दहा दिवसांनी स्वच्छ दिसायला लागलं असतं. वर्षाच्या तपासणीत भिंतीवरची अक्षरं वाचायची, ती वाचली असती. कुणाला काय कळणार होतं?”

“पण ते तुला चोर म्हणत होते ताई! मला बघवेना. मी तुला वाचवायला गेलो.”

“म्हणू दे ना. चार दिवस म्हटले असते. काचा बरोबर होत्या, आज ना उद्या कळलंच असतं.” तिनं बंद उजव्या डोळ्यावर तळहात दाबला. रडत नव्हती, डोळा शिणला असावा. मग म्हणाली, “एक सांग मला. काचा जांभळ्या दिसल्या, तर साहेबांना वाटलं मी चोर. साहेबांचं सोड, ते परके. तुला आधी वाटलं चोर, मग वाटलं आंधळी. मी बरोबर असेन, असं एकदाही वाटलं नाही का रे तुला?”

मी तोंड उघडलं. बायको म्हणते ना, सरळ विचारावं; आता सरळ विचारलं होतं तिनं. काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती, पण ती डाव्या डोळ्यानं माझ्याकडे नीट बघत होती.

“नाही वाटलं,” मी म्हणालो.